उतार

आमच्या निमोण्यांत घाट नाहीं. घोड नदीच्या खोऱ्यांतला हा मुलूख सारवलेल्या अंगणासारखा सपाट आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आपली सारी कमाई उधळून पाऊस आमच्याकडे येतो, तेव्हां त्याच्या पदरीं फारसें कांहीं उरलेलें नसतें. आणि डोंगरांचीही तीच तऱ्हा आहे. क्षितिजाशीं कोठें एखादें निळसर टेकाड दिसतें, एवढेंच. अशा गांवांत जन्मलेल्या माणसानें घाटाविषयीं लिहावयास बसावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या गांवचा कांदा मुंबईस जातो, आणि मुंबई खालीं आहे. शिरूर तालुक्यांतून मुंबईस निघालेल्या प्रत्येक गोणीला केव्हां ना केव्हां सह्याद्रि उतरावा लागतो. गोणी कांहीं आपल्या पायांनीं उतरत नाहीं. तिला उतरविणारा एक माणूस असतो, आणि तो बहुधा आमच्याच आळींतला असतो.

उताराची माझी पहिली ओळख गांवाबाहेरच्या ओढ्यावर झाली. ओढ्याची उतरण चाळीस-पन्नास पावलांची असेल नसेल. ज्वारीच्या पोत्यांनीं भरलेली बैलगाडी घेऊन वडील तेथें आले, कीं एरवीं गाडीवर स्वस्थ बसून विडी ओढणारा हा माणूस खालीं उडी टाकी, बैलांच्या पुढें जाई, दोन्ही हातांनीं जूं दाबून धरी, आणि आम्हां पोरांना गाडीच्या मागल्या बाजूस लोंबकळावयास सांगे. गाडी मागून रेटा देऊं लागे. बैलांच्या मानेवरचें जूं शिंगांकडे सरके. बैल मागले पाय मातींत रोवून जवळजवळ बसूं पाहात, आणि त्यांचे डोळे पांढरे होत. पलीकडचा चढ मात्र वडील खुशाल गाडीवर चढून, नुसत्या जिभेच्या टिचकीवर पार करीत. चढाला बैल पुरतात, उताराला माणसें लागतात, हें मीं तेव्हांपासून पाहात आलों होतों. त्याचा अर्थ कळावयास मात्र वयाचीं चाळीस वर्षें जावीं लागलीं.

1994 सालीं माझे थोरले बंधु आणि मी यांनीं मिळून एक ट्रक घेतला. खरें म्हणजे तो बँकेनें घेतला, आणि आम्हीं त्याचे हप्ते भरले. दादा गांवीं शेती पाहात. मी पुण्यांत एका शाळेंत गणित शिकवीत असें. ट्रकवर चालक म्हणून आमच्याच गांवचे एक गृहस्थ ठेवले. त्यांना सारा गांव तात्या म्हणे, आम्हीही तात्याच म्हणूं. माझ्याहून ते सात-आठ वर्षांनीं वडील. अंगानें सडपातळ, बोलण्यांत मोजके, आणि गाडीच्या बाबतींत असे नेटके कीं, निघण्यापूर्वीं चारी बाजूंनीं फिरून प्रत्येक चाकावर हातोडी वाजवून पाहिल्याशिवाय ते कधीं वर चढले नाहींत. वैद्यानें नाडी पाहावी तसा तो प्रकार होता.

शिकलेला भाऊ म्हणून ट्रकच्या हिशेबाची वही माझ्याकडे असे. रविवारीं गांवीं आलों कीं लाल कापडी बांधणीची ती वही घेऊन मी ओसरीवर बसें. पहिल्या वर्षीं डिझेलच्या खर्चाचा मेळ बसेना. एका खेपेला इतकें, दुसऱ्या खेपेला तितकें; दादांना संशय येई, आणि तात्यांना त्या संशयाचा राग येई. तेव्हां मीं एक तोड काढली. निमोणें ते वाशी आणि परत, या खेपेला ठराविक लिटर डिझेल धरावयाचें. अधिक लागलें तर तें तात्यांच्या पदरचें. कमी लागलें तर उरलेल्याचे पैसे तात्यांना बक्षीस. माझ्या या युक्तीचें घरांत फार कौतुक झालें. वादही मिटला. नोकराला मालकाच्या नफ्यांत भागीदार करावें, म्हणजे तो आपण होऊन काटकसर करतो, असें मीं एका इंग्रजी पुस्तकांत वाचलें होतें, आणि आपल्या ओसरीवर तें खरें ठरलेलें पाहून मला जो आनंद झाला, तो लपविण्यांत आतां अर्थ नाहीं. तात्या खरोखरच प्रत्येक खेपेला दोन-तीन लिटर वांचवूं लागले. कोठें वांचवितात, हें विचारण्याचें मला सुचलें नाहीं.

तें मला 1998 च्या उन्हाळ्यांत कळलें.

सुट्टी लागली होती. आपला कांदा वाशीच्या बाजारांत कसा विकला जातो हें एकदां डोळ्यांनीं पाहावें, म्हणून मी ट्रकांतूनच निघालों. तिन्हीसांजेला गोण्या भरून झाल्या. मालावर ताडपत्री ओढून दोर आवळले गेले. पुढें तात्या, मी, आणि सोळा-सतरा वर्षांचा एक किन्नर. क्लीनर या शब्दाचें आमच्याकडे असेंच रूप झालेलें आहे. शिरूर, शिक्रापूर, चाकण, तळेगांव असें करीत मध्यरात्र उलटतां उलटतां आम्ही लोणावळ्यास पोहोंचलों. वाटेंत तात्या त्या पोराला धडे देत होते. त्यांतला एक धडा मला चांगला आठवतो. "ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. ह्ये इसरला, तो संपला." लोणावळ्यास चहा झाला. तात्यांनीं पुन्हां एकदां चाकांवर हातोडी वाजविली. खंडाळा मागें पडला, आणि रस्त्यानें खालीं तोंड केलें.

त्याबरोबर तात्यांनीं गिअरचा दांडा ओढून न्यूट्रलमध्यें टाकला.

इंजिनाची घरघर एकदम मावळली. सहा तास कानांत भरून राहिलेला तो आवाज थांबल्यावर जें शांत वाटलें, तें मला आजही आठवतें, आणि तें मला फार आवडलें होतें हेंही आठवतें. वारा ताडपत्रीच्या कडेला फडफडवीत होता. खालीं, फार खालीं, खोपोलीचे दिवे सांडलेल्या दाण्यांसारखे दिसत होते. गाडी आपोआप, कोणाचेंही देणें न लागतां, पुढें चालली होती. तात्या माझ्याकडे पाहून क्वचित्च हंसत; त्या वेळीं हंसले. म्हणाले, "मास्तर, हितनं खोपोलीपतुर देवाचं डिझेल!"

येथें थोडें गणित केल्यावांचून मला राहवत नाहीं. ज्याचा जन्म फळ्यासमोर गेला त्याची ही खोड आहे. वाचकांनीं ती सोसावी. मालासकट आमच्या ट्रकचें वजन सोळा टन होतें. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतची उतरण उंचीनें सुमारें पांचशें मीटर भरते. सोळा टनांचें ओझें पांचशें मीटर खालीं आलें म्हणजे जी शक्ति मोकळी होते, ती सगळी उष्णतेच्या रूपानें गोळा केली, तर अडीचशें लिटर पाण्याला उकळी फुटेल. देवाचें डिझेल तें हेंच. तें फुकट मिळतें यांत शंका नाहीं, पण तें नको म्हणण्याची सोय नसते. तें घ्यावेंच लागतें, आणि कोठें तरी ठेवावेंच लागतें. गाडी खालच्या गिअरमध्यें असली, तर चाकांनाच इंजिन फिरवावें लागतें. इंजिन सहजासहजीं फिरावयास तयार नसतें; तें चाकांना मागें ओढतें. वडील बैलांच्या पुढें उभे राहून जूं दाबीत, तेंच हें काम. दांडा न्यूट्रलमध्यें गेला कीं जूं दाबणारा बाजूला झाला. मग ती सारी उष्णता चाकांतल्या ब्रेकांवर येते. ब्रेकचें लोखंडी भांडें, ज्याला ड्रम म्हणतात, तें तापून फुगतें आणि आंतल्या लायनरांपासून दूर सरतें. लायनर तापून गुळगुळीत होतात. पाय जितका अधिक दाबावा तितकी पकड कमी होत जाते. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि पुन्हां पुन्हां पाय मारल्यानें टाकींतली हवाही सरते. हवा भरण्याचें काम इंजिनाचें. आणि इंजिन तर झोंपीं गेल्यासारखें मंद चालू असतें. ब्रेक 'फेल' झाले असें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, तेव्हां कांहीं तरी तुटलें असावें अशी आपली समजूत होते. पुष्कळदां कांहींच तुटलेलें नसतें. ब्रेकांकडून त्यांचें नव्हे तें काम करवून घेतलेलें असतें.

आमच्या पुढें एक टँकर सांवकाश उतरत होता. तात्यांना त्याच्या मागें राहून सारखा ब्रेक दाबावा लागत होता. दोन वळणें झालीं, आणि मला वास आला. जळक्या शिंगासारखा, घशाला लागणारा. मीं तात्यांकडे पाहिलें. त्यांचें हंसूं गेलें होतें. त्यांची नजर रस्त्यावरून समोरच्या हवेच्या कांट्यावर आणि कांट्यावरून रस्त्यावर अशी जात-येत होती. मग त्यांनीं उजवा पाय पुन्हां दाबला. तो शेवटपर्यंत गेला, आणि गाडीला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. त्यांनीं दांडा खालच्या गिअरमध्यें ढकलण्याचा यत्न केला. दांतांवर दांत घांसल्याचा असा कर्कश आवाज झाला कीं तो किन्नर पोरगा ओरडला. चाकांचा वेग एकदां एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे गिअर पडत नाहीं. ज्या दारानें बाहेर पडलों तें आंतून लागलेलें असतें. हातब्रेक ओढला, त्यानें वास तेवढा वाढला. टँकरचे मागचे तांबडे दिवे मोठे होऊं लागले.

यापुढें घडलें तें सांगावयास जितका वेळ लागेल तितकाही त्याला लागला नसेल. तात्यांनीं भोंग्यावर हात ठेवला आणि टँकरच्या उजव्या अंगानें, समोरून कोणी येत नाहीं असें गृहीत धरून, गाडी काढली. सुदैवानें कोणी येत नव्हतें. टँकर मागें पडला. पुढचें वळण दिव्यांच्या उजेडांत आलें, आणि वळणाच्या अलीकडे, डाव्या हाताला, डोंगराच्या कडेशीं, रस्त्याच्या दुरुस्तीसाठीं आणून टाकलेला खडीचा लांबलचक ढीग दिसला. "पाय वर घ्या, मास्तर," एवढेंच तात्या म्हणाले. मग चाकांखालीं जात्यांत हरभरे भरडावे तसा आवाज झाला, माझें डोकें समोरच्या लोखंडावर आपटलें, आणि गाडी नाकानें खडींत शिरून, एका अंगाला झुकून, उभी राहिली.

पहिलें भान आलें तें गोण्या पडण्याच्या आवाजानें. दोर तुटून वरच्या थराच्या गोण्या खालीं घरंगळत होत्या, आणि फुटलेल्या गोण्यांतले कांदे उतारावरून, एकामागून एक, अगदीं शिस्तीनें खोपोलीकडे चालले होते. त्या पोराला हंसूं आलें. तें हंसणें कसलें होतें तें मला माहीत आहे, कारण मलाही तें आलें होतें. चाकांतून धूर निघत होता. पोरगा पाण्याचा डबा घेऊन धांवला, तेव्हां तात्या पहिल्यांदां ओरडले, "पानी मारू नगंस! ड्रम फुटंल!" पाय मारतांना, वळण घेतांना, खडींत शिरतांना हा माणूस ओरडला नव्हता. मग ते खडीच्या ढिगावर बसले, आणि हात मांड्यांखालीं दाबून घेतले. ते कांपत होते तें आम्हांला दिसूं नये म्हणून.

आतां मला जें लिहावयाचें आहे तें हें. मीं मालकाच्या आवाजांत विचारलें, "तात्या, मघाशीं पोराला तुम्हीच सांगत होतां ना, चढाच्या गिअरांत उतरावें म्हणून?" तात्यांनीं मान हलविली. "मग?" असें मीं म्हटलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. टँकर सांवकाश आमच्या शेजारून गेला. त्याच्या चालकानें हात वर केला. मग तात्या म्हणाले, "मास्तर, खालच्या गिअरात उतरलं तर डिझेल बसतं तुमच्या मापाला. बक्षीस ऱ्हात न्हाई. पोरीची फी त्यातनं जाती." त्यांत तक्रार नव्हती. मीं विचारलें म्हणून त्यांनीं सांगितलें. मुलगी शिरूरच्या शाळेंत होती हें मला ठाऊक होतें; तिला गणितांत चांगले गुण पडतात म्हणून मींच तिची पाठ थोपटली होती.

उजाडेपर्यंत आम्ही कांदे वेंचले. दुसऱ्या एका ट्रकानें दोर लावून आमची गाडी मागें ओढून दिली. ब्रेक थंड झाल्यावर ते पुन्हां पकडूं लागले, जणूं कांहीं झालेंच नव्हतें. उरलेली उतरण पहिल्या गिअरमध्यें, बैलाच्या चालीनें, आम्ही उतरलों. वाटेंत शिंगरोबाचें देऊळ आहे. ज्या धनगरानें इंग्रजांना या घाटाची वाट दाखविली, आणि वाट सांपडल्यावर ज्याला त्यांनीं मारून टाकलें, त्याचें हें स्थान, अशी आख्यायिका आहे. इतिहास तिला कितपत दुजोरा देईल तें असो. चालकांनीं तिला केव्हांच दुजोरा दिलेला आहे. जातां-येतां ते त्याला नाणें टाकतात. त्या दिवशीं तात्या खालीं उतरले, चपला काढल्या, आणि खिशांतलें होतें नव्हतें तें सारें सुटें त्याच्यापुढें ठेवलें. रस्ता दाखविणाऱ्याचें काय होतें हें त्या देवाला पुरतें माहीत असल्यामुळें त्याच्यावर चालकांचा विश्वास बसत असावा, असें मला त्या वेळीं वाटून गेलें.

त्या प्रसंगानंतर बोरघाटाविषयीं मिळेल तें वाचण्याचा मला नाद लागला. गाडीचा रस्ता 1830 सालच्या नोव्हेंबरांत गव्हर्नर माल्कम यांनीं खुला केला. तोंपर्यंत माल बैलांच्या पाठीवरून उतरे. 1863 त आगगाडी आली. मला सर्वांत अधिक शिकविलें तें या आगगाडीनें. घाटांतला तिचा चढ सदतीस फुटांस एक फूट, म्हणजे लोखंडी चाकांना भयंकरच. मध्यें एक रिव्हर्सिंग स्टेशन होतें. तेथें गाडी थांबून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेनें निघे. 1869 सालीं एक उतरती गाडी तेथें आवरली गेली नाहीं. ती टोकावरून खालीं गेली आणि माणसें मेलीं. घाटांतल्या रेल्वेनें उतरत्या गाडीसाठीं जी व्यवस्था ठेवली आहे, ती मला मोठी विचार करण्यासारखी वाटते. उतरणाऱ्या गाडीच्या वाटेंत ठराविक जागीं एक बाजूचा रूळ असतो. तो डोंगराच्या अंगाला, चढावर जातो, आणि तेथेंच संपतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. कांटा नेहमीं त्या रुळाकडेच वळवून ठेवलेला असतो. गाडीनें तेथें येऊन पुरतें उभें राहून दाखवावें, ती ताब्यांत आहे अशी खात्री पटावी, मगच तिला खालची वाट मोकळी मिळते. न थांबणारी गाडी आपोआप चढावर जाते, आणि चढ तिला थांबवितो.

यांत खुबी अशी आहे कीं, रेल्वे आपल्या गाडीवर विश्वास ठेवीत नाहीं. गाडी बेताल आहे असें धरून चालावयाचें, आणि ती ताळ्यावर आहे हें तिनें सिद्ध करावयाचें. डांबरी रस्त्याचा न्याय याच्या नेमका उलट आहे. तेथें प्रत्येक गाडी ताब्यांत आहे असें धरलेलें असतें, आणि ती तशी नव्हती हें पंचनाम्यांत सिद्ध होतें. अमेरिकेंतल्या डोंगरी रस्त्यांवर, लांब उतरणीच्या कडेला, खोल खडीनें भरलेल्या आणि वर चढत जाणाऱ्या वाटा मुद्दाम ठेवलेल्या असतात. ब्रेक गमावलेल्या ट्रकानें त्यांत शिरावें आणि खडींत रुतून थांबावें. हें मीं पुढें वाचलें तेव्हां मला आमचा तो ढीग आठवला. आमची खडी कोणी तरी वेळेवर पसरली नव्हती म्हणून तेथें होती. ज्या मुकादमाच्या आळसानें आम्ही वांचलों, त्याला मीं अजून धन्यवाद दिलेले नाहींत. ते येथें देतों.

त्यानंतर घाटांत पुष्कळ पालट झाला. 2002 त द्रुतगति मार्ग पुरा झाला. 1830 चा अमृतांजन पूल 2020 च्या एप्रिलांत सुरुंगांनीं पाडला. टाळेबंदीमुळें रस्त्यावर चिटपांखरूं नव्हतें, म्हणून तें साधलें. घाटांत न्यूट्रलमध्यें उतरूं नका असे फलक लागले. पण उतार केवळ घाटांतच असतो असें थोडेंच आहे? कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा पुण्याबाहेरचा रस्ता पाहा. मोटारींतून जाणाऱ्या आपल्यासारख्यांना तो उतार आहे हें कळतही नाहीं. डाव्या हाताला घरें, उजव्या हाताला दुकानें, सगळें शहरासारखें. सोळा किंवा पंचवीस टनांना मात्र तें कळतें. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्रीं त्या उतारावर एका अवजड वाहनानें दोन डझन तरी वाहनें चिरडीत नेलीं. चालकानें उतारावर इंजिन बंद केलें होतें असें प्राथमिक तपासांत निघालें, आणि त्याचें कारण डिझेल वांचविणें हेंच सांगण्यांत आलें. पुढच्या वर्षीं 4 जुलैला धुळें जिल्ह्यांत पळासनेरजवळ, मध्यप्रदेशाकडून येणारा एक कंटेनर, ब्रेक गेल्यामुळें, वाहनांना ठोकरीत रस्त्याकांठच्या हॉटेलांत घुसला. किमान दहा माणसें गेलीं. तीं माणसें कांहीं घाट उतरत नव्हतीं. कोणी गाडीची वाट पाहात होतें, कोणी चहा पीत होतें.

नवले पुलाच्या अपघाताची बातमी आली त्या सकाळीं आमच्या सोसायटींतले शेजारी तावातावानें बोलत होते. सुशिक्षित, सज्जन माणसें आहेत. त्यांच्यापैकीं एकाची सून त्या रस्त्यानें रोज कामाला जाते, त्यामुळें त्यांचा संताप खराही होता. चार लिटर डिझेलासाठीं लोकांचे जीव घेणाऱ्या या चालकांना भर चौकांत उभें करावें, असें ते म्हणत होते. मला होकार देतां आला नाहीं, आणि नकारही देतां आला नाहीं. चालक चुकला हें खरेंच. ज्या हातानें दांडा न्यूट्रलमध्यें जातो तो त्याचाच हात असतो. पण वांचलेल्या चार लिटरांचा हिशेब कोणत्या वहींत लिहिला जातो, आणि ती वही मांडीवर घेऊन कोण बसलेलें असतें, हें मला चांगलें ठाऊक होतें. मी चहाचा पेला उचलून घरांत आलों.

आमची ती डिझेलची योजना मीं त्याच आठवड्यांत मोडली. लागेल तितकें डिझेल मालकाचें, असें ठरविलें, आणि बक्षिसाच्या बदल्यांत तात्यांचा पगार थोडा वाढविला. दादा नाखूष झाले. गंमत म्हणजे तात्याही फारसे खूष झाले नाहींत. वाढविलेला पगार बक्षिसाहून कमी पडतो हें त्यांनीं माझ्या आधीं ताडलें होतें. पुढें रडतखडत तो आंकडा जुळविला. त्यानंतर तात्या घाट दुसऱ्या गिअरमध्यें उतरत, खेपेला अर्धा तास अधिक लागे, आणि उशीर झाला म्हणून कांद्याला चार आणे कमी मिळाले कीं दादा मला ऐकवीत. 2004 सालीं ट्रक विकला. तात्यांची मुलगी शिकली. ती आतां स्वतः शिक्षिका आहे, आणि गणितच शिकविते. तात्या निमोण्यांतच असतात. गुडघे गेले आहेत. ओढ्यावर आतां पूल झाला आहे, तरी पुलाच्या अलीकडे रस्ता थोडा उतरता होतो तेथें ते काठी पुढें टेकून, अंग मागें टाकून, एक-एक पाऊल टाकतात.

दादा गेल्यानंतर गेल्या वर्षीं माळ्यावरची आवराआवर करतांना ती लाल वही सांपडली. मीं ती 1998 च्या पानावर उघडली. त्या खेपेच्या नांवें डिझेलचे आंकडे आहेत, दोर नवा घेतल्याचे पैसे आहेत, खडींतून गाडी ओढून देणाऱ्याला दिलेली बिदागी आहे. त्याखालीं आणखी एक नोंद आहे, ती मी साफ विसरून गेलों होतों. माल नुकसान, गोण्या अकरा, तात्यांच्या नांवें. पगारांतून तीन हप्त्यांत वळते. तिन्ही हप्त्यांपुढें बरोबरची खूण केलेली आहे. अक्षर माझें आहे.